माती खाणे : एका वाक्प्रचाराचे दुखणे

डोंबिवलीतल्या एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही वाक्प्रचार आणि त्यांतील लक्षणा हा भाग शिकवीत होतो. उदाहरणादाखल 'माती खाणे' घेतले. मुलांच्या तो रोजच्या बोलण्यातला होता. परीक्षेत माती खाल्ली, अंतिम सामन्यात माती खाल्ली, अशी वाक्ये धडाधड आली. एकाने शेजारच्या मित्राच्या फसलेल्या प्रेमप्रकरणाचा दाखला दिला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. मग वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांतला भेद ठसावा म्हणून आम्ही म्हणालो, "इथे कोणी खरोखर माती खात नाही, हे लक्षात घ्या."

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. "मॅडम, खातात," ती म्हणाली. "माझी आई पेन्सिल खाते." पेन्सिल म्हणजे पाटीवरची. आई मुंबईत नोकरीला. पर्समध्ये रुमालाच्या घडीत पेन्सिलींचे तुकडे असतात. दुकानदार पुडा देताना विचारतो, "मुलगा कितवीत?" आणि अठरा वर्षांची मुलगी शेजारी उभी असताना आई सांगते, "दुसरीत." पहिल्या पावसात मातीचा वास सुटला की ती अस्वस्थ होते. घरात हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याविषयी कोणी बोलत नाही. आम्ही सुचेल ते बोललो: डॉक्टरांना दाखवा. त्यावर मुलगी म्हणाली, "आई म्हणते, कोणत्या तोंडाने सांगू?"

भाषेच्या शिक्षकाला निरुत्तर करणारे ते वाक्य होते. मातीचे, खडूचे, पेन्सिलीचे खाणे हे वैद्यकाला चांगले परिचित असलेले दुखणे आहे. त्याची तपासणी होते, त्यावर उपचार आहेत, आणि ते ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात आवाक्यातही आहेत. तरीही ते वर्षानुवर्षे रुमालाच्या घडीत राहते. आणि त्याचे एक कारण आपण भाषेत आणि साहित्यात त्याची लावलेली विल्हेवाट हे आहे, असे आमचे मत झाले आहे. या लेखात ते मत मांडण्याचा प्रयत्न आहे.

मराठीत माती खाण्याला प्रतिष्ठेच्या दोनच जागा आहेत. पहिली गोकुळातली. बाळकृष्ण माती खातो, सवंगडी आणि बलराम चहाडी करतात, यशोदा रागावून तोंड उघडायला लावते आणि तिला त्यात ब्रह्मांड दिसते. भागवताच्या दशम स्कंधातली ही कथा कीर्तनांतून आणि आजीच्या गोष्टींतून आपल्या रक्तात उतरली आहे. दुसरी जागा डोहाळ्यांची. 'डोहाळा' हा शब्द संस्कृत 'दोहद'पासून आला. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यातील गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटले आहे. तिच्या देहात दोन हृदये आहेत, म्हणून तिची इच्छा ही दोघांची इच्छा, आणि ती डावलू नये, अशी ती कल्पना. भारतीय कथासाहित्यात या दोहदाचा केवढा पसारा आहे, हे मॉरिस ब्लूमफील्ड या अभ्यासकाने 1920 साली एका दीर्घ निबंधात दाखवून दिले. झोपाळ्यावर बसवून, फुलांनी मढवून, गाणी म्हणून आपण या इच्छेचा सोहळा करतो.

या दोन जागा सोडल्या की उरतो तो वाक्प्रचार. बाळ नसलेल्या आणि गर्भवतीही नसलेल्या माणसाने माती खाल्ली, तर ती फजिती, नाचक्की किंवा शेण खाण्याच्या जवळपास जाणारे नैतिक स्खलन. म्हणजे आपली भाषा या कृतीला नवलाचे शब्द देते आणि हेटाळणीचे देते. मधला साधा शब्द, जो दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसून उच्चारता यावा, तो मात्र देत नाही. वैद्यकाचा शब्द 'पायका', पण तोही निर्दोष नाही. मूळ लॅटिनमध्ये तो मॅगपाय या पक्ष्याचे नाव. दिसेल ते चोचीत घेणारा म्हणून त्याची ख्याती. आपल्याकडचा टकाचोर त्याच्याच, म्हणजे कावळ्याच्या कुळातला. तिथेही नावातच ठपका आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे 'रघुवंशा'चा तिसरा सर्ग आठवेल. सुदक्षिणा गरोदर आहे आणि तिच्या मुखाला मातीचा गंध येतो आहे. दिलीप राजा एकांतात तो गंध हुंगतो आणि त्याची तृप्ती होत नाही. पुढच्याच श्लोकात कवी कारण सांगतो: होणारा पुत्र दिगंतापर्यंत पृथ्वी भोगणार, म्हणून मातेला इतर सर्व रस सोडून आधी पृथ्वीचीच इच्छा झाली. वर्गात आपण येथे थांबतो, उत्प्रेक्षेला दाद देतो आणि पुढे जातो. आम्हीही अनेक वर्षे असेच पुढे गेलो. पण लगेच नंतरच्या श्लोकात काय आहे? राणी लाजते आहे, आपल्याला काय हवे ते मला सांगत नाही, हे राजाच्या ध्यानात आले आहे. म्हणून तो तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा, आदराने विचारतो आहे की तिला कशाकशाची इच्छा होते. कालिदासाला गंध दिसला तशी लाजही दिसली, आणि त्या लाजेवर आरोप न करता विचारायला हवे, हेही दिसले. आम्ही अलंकार तेवढा लक्षात ठेवला आणि प्रश्न विसरलो.

याहून स्पष्ट साक्ष चरकसंहितेची आहे. चिकित्सास्थानात पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला पाचवा माती खाल्ल्याने होणारा आहे. तुरट, खारट आणि गोड मातीचे वेगवेगळे परिणाम तेथे आहेत. सूज आहे, पोटातले कृमी आहेत, बलहानी आहे. आणि ज्याला ही ओढ आवरतच नाही, त्याला औषधी द्रव्यांनी संस्कारित केलेली माती द्यावी म्हणजे तिचा तिटकारा येईल, असा उपायही आहे. उपायाच्या गुणावगुणांचा निवाडा वैद्यांनी करावा. आम्हांला महत्त्वाची वाटते ती भूमिका: 'आवरत नाही' ही येथे रुग्णाची अवस्था आहे, त्याचा अपराध नाही. ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो तिने या दुखण्याला फिकटपणाच्या रोगात, म्हणजे रक्ताशी जोडून ठेवले होते. त्यानंतरच्या काळात आपण ते चारित्र्यात नेऊन ठेवले.

आजचे वैद्यक काय सांगते, तेही थोडक्यात पाहू. अन्न नसलेली, पोषणमूल्य नसलेली वस्तू निदान महिनाभर सातत्याने खाल्ली जात असेल आणि ते त्या वयाला किंवा त्या समाजातील मान्य रिवाजाला धरून नसेल, तर त्याला पायका म्हणतात. दोन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते. ते वाढीचा भाग आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 सालच्या आपल्या वर्गीकरणात हा विकार बालपणाच्या विकारांतून काढून खाण्याच्या विकारांत ठेवला. म्हणजे तो कोणत्याही वयात असू शकतो, हे मान्य झाले. माती, खडू, पेन्सिल, राख, भिंतीचा गिलावा, कागद, केस अशी त्याची यादी लांब आहे. बर्फ कडाकडा चावत राहणे आणि कच्चे तांदूळ मुठीमुठीने खाणे हेही याच ओढीचे प्रकार मानले जातात.

कारणांमध्ये सर्वांत आधी तपासण्याजोगे कारण म्हणजे रक्तातील लोहाची कमतरता. "अंगात कॅल्शियम कमी, म्हणून खडू खाते," हे आपल्या घरोघरचे निदान बहुधा चुकते. शोध लोहाचा आणि काही वेळा जस्ताचा घ्यावा लागतो. लोह कमी झाल्याने ही ओढ नेमकी कशी उत्पन्न होते, याचा उलगडा शास्त्राला अद्याप पुरता झालेला नाही; पण लोह भरून निघाल्यावर अनेकांची ओढ ओसरते, हा अनुभव पक्का आहे. यात एक दुष्टचक्रही आहे. काही प्रकारची माती पोटात लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे कमतरतेमुळे माती, आणि मातीमुळे आणखी कमतरता. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये, तर पाच वर्षांखालील 68.9 टक्के मुलांमध्ये रक्ताल्पता आढळली. अर्थात यांतील प्रत्येक जण माती खातो असे नव्हे. परंतु ज्या जमिनीत हे दुखणे उगवते ती किती विस्तीर्ण आहे, याचा अंदाज यावरून यावा.

सगळेच प्रकार रक्ताचे नसतात. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये ही सवय अधिक आढळते. कोठे ती मनातल्या ताणाला उतारा म्हणून जडते, कोठे सक्तीच्या विचारविकाराशी किंवा छिन्नमनस्कतेशी जोडलेली असते. आणि कोठे तिच्यामागे उघड उघड भूक आणि दुर्लक्ष असते. म्हणून एकाच गोळीने सारे सुटेल असे आम्ही म्हणत नाही. आधी रक्त पाहावे आणि मग मनाकडे यावे, एवढा क्रम मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो साहित्याच्या वर्तुळातूनच येईल. माती खाणे हा अनेक संस्कृतींतला जुना रिवाज आहे. विशिष्ट माती पोटातील विषारी द्रव्ये धरून ठेवते, असे मांडणारे संशोधकही आहेत. मग त्याला रोग ठरवणे ही आधुनिक वैद्यकाची दंडेली नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. कॅरिबियन बेटांवरील आणि अमेरिकेतील मळ्यांवर गुलामांच्या माती खाण्याला आफ्रिकी लोकांचा खास रोग ठरवले गेले आणि तो 'बरा' करण्यासाठी त्यांच्या तोंडांना धातूचे मुखवटे जडवले गेले. उपासमार मालकांची आणि कुलूप गुलामांच्या तोंडाला! रोगाचे नाव हे सत्तेचे हत्यार होऊ शकते, याचा याहून उघडा पुरावा नको. म्हणूनच रिवाज आणि विकार यांत भेद करण्याची अट आजच्या व्याख्येत आहे.

परंतु हा आक्षेप पर्सेतल्या पेन्सिलीला लागू पडत नाही. रिवाज चारचौघांत पाळला जातो. ही गोष्ट लपवली जाते. आणि दुसरे म्हणजे, आपली माती आता गोकुळातली राहिलेली नाही. डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झालेला साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. कारखान्यांच्या आणि वाहत्या रस्त्यांच्या कडेची माती तोंडात घालण्याजोगी आहे, असे कोण म्हणेल? भिंतीचे पोपडे खाणाऱ्या मुलाचा धोका आणखी वेगळा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांचे थर जुन्या इमारतींच्या भिंतींवर आणि खिडक्यांवर अजून आहेत. शिसे लहान मुलाच्या मेंदूची हानी करते आणि ती हानी भरून येत नाही. मातीतून जंत जातात. गिळलेल्या केसांचा पोटात गोळा होऊन आतडे अडते आणि शस्त्रक्रिया करावी लागते.

समीक्षेलाही येथे थोडे सुनावावेसे वाटते, आणि त्यात आम्ही स्वतःला वगळत नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या 1967 सालच्या 'एकांताची शंभर वर्षे' या कादंबरीतली रेबेका ओली माती आणि भिंतीचा चुना खाते. तिच्यावर लिहिताना आम्ही मूळ, विस्थापन, भूमी, स्मृती असे सारे शब्द वापरले. ते चूक होते असे नाही. पण त्या कादंबरीतही रेबेका हे चोरून खाते, घरचे तिला कडू औषध पाजतात, मारतात. आणि पुढे मनावर आघात झाला की तिची ती ओढ उलटून येते. मार्केसने दुखण्याचे बारकावे टिपले होते. प्रतीक शोधण्याच्या नादात आम्ही ते वाचले नाहीत. कागदावरच्या व्यक्तिरेखेत असे न वाचणे चालून जाते. पण तीच सवय घेऊन आपण वर्गात आणि घरात वावरतो.

तर मग करावे काय? साहित्याच्या शिक्षकाने डॉक्टर होण्याची गरज नाही. त्याने दिलीप राजाइतके करावे. लाजेने बोलत नाही हे ओळखावे आणि चढा सूर न लावता विचारावे. "शी! हे काय खातेस?" या वाक्याने पेन्सिल तोंडातून पर्समध्ये जाते, बंद होत नाही. "असं खावंसं वाटतं ते रक्त कमी असल्यानेही असू शकतं, एकदा तपासून घेऊ," या वाक्याने निदान दार किलकिले होते. डॉक्टरांपुढे काय खाते, किती आणि केव्हापासून, एवढी तीन वाक्ये पुरतात. पुढचे त्यांचे काम: हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा, गरजेप्रमाणे शिसे आणि जंतांची तपासणी. पोटात सतत दुखणे, उलट्या, शौच बंद होणे किंवा सुई, चुंबक, बटणासारखी बॅटरी गिळली जाणे, अशा वेळी मात्र न थांबता रुग्णालय गाठावे.

आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही सारी महापालिकांची आहेत. गर्भवतींना सहा महिने रोज एक लोहाची गोळी आणि शाळकरी मुलांना दर आठवड्याला एक, ही सरकारी योजना अंगणवाडीपर्यंत आणि शाळेपर्यंत पोहोचलेली आहे. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये; चहा लोह शोषू देत नाही. मुलगी गोळी घेते की खिडकीबाहेर टाकते, हे पाहणारे शिक्षकच असतात. स्वमग्न मुलांच्या बाबतीत वर्तनोपचार लागतात. कोणत्या वेळी आणि कशाच्या आधी मूल वस्तू तोंडात घालते याची नोंद ठेवणे, तसाच कुरकुरीत किंवा चिवट स्पर्श देणारे खाद्य हाती देणे, वस्तू टाकून दिल्यावर शाबासकी देणे. मारल्याने यातले काहीच साधत नाही.

मनाच्या बाजूने पाहिले तर ठाणे हे या बाबतीत भाग्यवान शहर आहे. तेथील मनोरुग्णालय 1901 सालचे. 'ठाण्याला पाठवा' या थट्टेने आपण त्याचे नावही 'माती खाणे'च्या रांगेत नेऊन बसवले. वस्तुतः तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे आणि भरती न होताही सल्ला मिळतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यातच 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली आणि मनाच्या दुखण्याविषयी मराठीत बोलण्याची सवय या शहराला लावली. ज्याला समोरासमोर बोलणे जड जाते त्याच्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. चेहरा न दाखवता पहिले वाक्य उच्चारण्याची सोय, म्हणून या दुखण्यात तिचे मोल विशेष.

त्या विद्यार्थिनीच्या आईचे पुढे काय झाले, ते आम्हांला काही महिन्यांनी कळले. तिचे हिमोग्लोबिन बरेच कमी होते. कारण शोधताना निघाले की वर्षानुवर्षे पाळीत अतिरक्तस्राव होत होता. तोही तिने कोणाला सांगितला नव्हता. एका लाजेखाली दुसरी लाज होती. दोन्हींवर उपचार सुरू झाले आणि ओढ कमी झाली. अगदी गेली असे ती म्हणत नाही. हे घडले ते मुलीने घरी जाऊन आईजवळ विषय काढला म्हणून. आमचा त्यातला वाटा म्हणजे वर्गातले ते चुकीचे वाक्य.

तो वाक्प्रचार आम्ही अजूनही शिकवतो. भाषेतून तो काढून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. वाक्प्रचार कोणाच्या सांगण्याने जात नसतात. मुले उदाहरणे देतात, हसतात. मग आम्ही सांगतो की काही माणसे खरोखर माती खातात, त्यामागे बहुतेक वेळा रक्तातली उणीव किंवा मनावरचा भार असतो, आणि त्यावर उपाय आहेत. दोन मिनिटे लागतात. त्यानंतर 'रघुवंशा'तले ते श्लोक येतात, आणि आता आम्ही मातीच्या गंधापाशी थांबत नाही. राजा सख्यांना काय विचारतो, तिथपर्यंत जातो. तास संपल्यावरही थोडा वेळ आम्ही वर्गातच बसून राहतो. कोणी मागे थांबले, तर थांबायला जागा असावी.